नंदी सुटला, पोट्टी दारातच

पेरुंबावूर, केरळ
श्रावण, रविवार

प्रिय बाई,

तुझं पार्सल काल पोचलं. खाली इंग्रजीत कारखान्याचा पत्ता होता म्हणून बरं, वरती तू माझं नाव असं झोकात काढलं होतं का पोस्टमनले ती नक्षीच वाटली. गेटवर उभा राहून त्यानं विचारलं, इसमें क्या है. मी म्हटलं, बैल है. त्यानं पाकीट जरा अंगापासून लांब धरलं, सही घेतली अन् चालता झाला. तर बैल सुखरूप हाये. एक कोपरा दबला, पण चाकं शाबूत हायेत.

आतली चिठ्ठी आधी वाचली अन् मले घामच फुटला. 'प्रफुल, शेवटचं पान काही केल्या जमून नाई राह्यलं. पुण्याचे प्रकाशक पोळ्यापर्यंत वाट पाहणार हायेत. तू हव म्हटलं तर पाठवते, नाई तर नंदीले धानाच्या कोठीत टाकून झाकण लावते.' अवं बाई, पाचवीत शाळा सोडलेल्या माणसाच्या डोक्यावर एवढं ओझं ठेवते काय कोणी? दोन वर्षं तू त्या नंदीमागं फिरून राह्यली, अन् आता त्याचं जगणं-मरणं माझ्या एका हववर! फोन काऊन नाई केला म्हणशील. फोनवर तू सगळ्याले 'बरं हाये' म्हणते अन् मंग मायकडे देऊन टाकते. कागदावर तुले मले मधात तोडता येत नाई. म्हणून बसलो. जसा बोलतो तसाच लिहून राह्यलो, चुका दिसल्या तर खोडरबर तुझ्याकडे लय हायेत.

पाकीट फोडलं तर खोलीत आपल्या घराचा वास सुटला. कोंड्याचा, अन् मायच्या चुलीचा. माझ्या खोलीत आणखी दोघं राहतात, मुर्शिदाबादचा अनारुल अन् ओडिशाचा बिसू. अनारुलनं तुझ्या पुस्तकाची डमी हातात घेतली, उलटीसुलटी केली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर चित्रं, मधात दाभणानं घातलेली शिलाई, पोत्याले घालतात तशी. तो म्हणाला, ये किताब है के चावल का बोरा? मी म्हटलं, हमारे यहाँ दोनों एकही सुई से सिलते हैं. बिसूले चित्रापेक्षा मागच्या तारखाच आवडल्या. मागच्या वर्षी कोणत्या दिवशी सुट्टी होती अन् आपण कामावर गेलो ते पाहून तो हळहळत बसला.

त्याईले मी सांगितलं का हे असं वाचायचं नसते, ह्याले हुंकार लागते. मंग बाबाची गोष्ट सांगावीच लागली. खळ्यावर धानाची राखण करताना बाबा गोष्ट सांगायचे अन् आपण दोघं तणसावर लोळत राहायचो. दर वाक्याले कोणीतरी 'हव' म्हणायचं, नाई तर गोष्ट थांबली. राजा घोड्यावर बसला. हव. घोडा अडला. हव. तुझ्या मनात आधीच पुढची गोष्ट सुरू राहायची, म्हणून तू हव विसरायची अन् ते काम माझ्याकडे आलं. बाबा म्हणत, सांगणारा कोणीही भेटते, हव म्हणणारा लागते. मले शाळेत कशातच नंबर नाई भेटला, पण हव म्हणण्यात गावात माझ्या पुढं कोणी नव्हतं.

बाबा गेले तेव्हा वाटलं का आता ते काम सुटलं. पण तू कागद शिवायले लागली अन् पुन्हा मलेच पकडलं. तू पान उलटवायची, मी हव म्हणायचो. हव लवकर आला का पान चांगलं. हव रेंगाळला का तू ते पान काढून उंबऱ्यावर ठेवायची अन् न जेवता त्याच्याकडे पाहत बसायची. माय म्हणायची, पोरीले कोणी मूठ मारली का काय! अन् हव आलाच नाई तर टराटरा फाडायची. माझ्या गैरहजेरीत गल्लीतले पोट्टे बसवायची. पोट्ट्यानं नाकात बोट घातलं का ते पान गेलं समज. तुझ्या सायाळीच्या पुस्तकाची किती पानं त्या शेंबड्या बिट्टूच्या नाकापायी गेली, ते पुण्याच्या लोकाईले कधी सांगितलं का तू?

सायाळीची आठवण निघाली अन् इथी दोघं पोट धरून हसले. मी रंगवून सांगितलं त्याईले. अंगणवाडीच्या भिंती रंगवायचं काम तुले भेटलं होतं. वरून तक्ता आला होता, अ अननसाचा. गावात अननस पाहिला कोणी? तू तक्त्यावरून हुबेहूब काढला, एक एक काटा. दुसऱ्या दिवशी पोट्टे आत यायलेच तयार नाई. भिंतीवर सायाळ बसली हाये म्हणून दारातच रडारड. अंगणवाडीच्या वच्छलाबाईनं हात लावून दाखवला, अरे फळ हाये, गोड हाये. तर बिट्टू म्हणाला, सायाळ गोडच लागते, आमच्या आज्यानं खाल्ली हाये. दुसरं कोणी असतं तर पोट्ट्याईले समजावत बसलं असतं. तू ब्रश घेतला, अननसाले चार पाय काढले, एक डोळा काढला, अन् डोक्यावरचा पाला तसाच राहू दिला. टोपी म्हणून. ग्रामसेवकानं डोक्याले हात लावला. पण पोट्टे आत आले ना! अन् तीच टोपीवाली सायाळ पुढं पुस्तक होऊन पुण्याले गेली. इथी अननसाची वावरंच्या वावरं हायेत, बाई. कामावर जाताना मी रोज त्या सायाळींच्या कळपातून जातो.

अन् शब्द? सायाळीच्या पुस्तकात आधी एका पानावर अर्धं पान मजकूर होता. मी वाचायले बसलो का अक्षराअक्षराले ठेचकाळायचो. तू समोर बसून माझ्याच तोंडाकडे पाहायची अन् मी जिथी अडलो तिथी पेन्सिलनं कापायची. जे चित्रात दिसते ते तोंडानं कशाले सांगायचं, म्हणायची. असं करत करत एका पानावर एक ओळ राहिली. लोक म्हणतात, काय सुंदर छोटी वाक्यं लिहिते दिव्यानी. अरे, ते माझ्या अडाणीपणाचं कौतुक हाये, तुझं नाई!

बरं, आता नंदीकडे येतो. काल कामावरून आल्यावर चहाच्या टपरीवर तंकम्मा चेचीले पण बसवलं. ती टपरीची मालकीण हाये, आमच्या सगळ्याईची इथली माय समज. चेची म्हणजे मोठी बहीण, तुले बाई म्हणतो तशीच. मराठी तिघाईलेही येत नाई. म्हणून तुझ्या ओळी मी वाचल्याच नाई, नुसती पानं उलटवली. म्हटलं, बाईचं चित्र एकटं उभं राहते का पाहू. हव म्हणायले शिकवलं. अनारुल हॉब म्हणे, चेची आव म्हणे, चाललं.

पहिल्या पानावर तान्हा पोळा पाहून बिसू म्हणाला, बैलाले चाकं काऊन? सांगितलं का पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरांचा पोळा राहते. लाकडाचा बैल, त्याले चाकं, गळ्यात माळ, अन् पोट्टे दोरी धरून घरोघर ओढत नेतात अन् बोजारा मागतात, खाऊ म्हणा का पैसे. अनारुलनं हे सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाला, लाजवाब. फक्त त्याले हे पटत नाई का बैल एका अंगाले काऊन जाते. आता त्याले कसं सांगू का सोमाजी भाऊ सुतारानं आपला नंदी बनवला तेव्हा एक चाक मोठं झालं, अन् 'चालते तर खरा' म्हणून हातात दिला, म्हणून तो जन्मभर तिरपाच चालला. तू ते तिरपं चालणं एवढं बरोबर काढलं, मले माझ्या हाताले दोरीची ओढ लागली.

दुसऱ्या पानावर उतारावर पोट्टीच्या हातातली दोरी तुटली अन् नंदी सुटला. हॉब! तिसऱ्यावर नंदी गल्लीतून कोंबड्या उडवत गेला. पोंभुर्ण्याच्या बाजारात भाजीवाल्या बाईनं त्याले मिरच्या चारल्या तिथी चेची एवढी हसली का दुधाचं पातेलं उतू गेलं. धानाच्या बांधीतून गेला, नागभीडले गाडीत चढला, टीसीनं तिकीट मागितलं तर नंदीनं शिंग दाखवलं. हव, हव, हव. कोणाचं बोट नाकाकडे गेलं नाई, मी ध्यान ठेवून होतो.

मंग समुद्राचं पान आलं. चेचीनं पाहिलं, डोळे बारीक केले अन् मले विचारलं, हे तळं हाये ना? मी म्हटलं, नाई, समुद्र. ती म्हणाली, समुद्रात कमळ? बाई, तू समुद्रात कमळं काढली हायेत! बगळे बसवले, अन् एका बाजूले मातीची पाळ, आपल्या मालगुजाराच्या वेळच्या मामा तलावाले हाये तशी. तिघंही माझ्याकडे पाहायले लागले. मले तुझी बाजू घ्यावी वाटली, पण हसूच आलं. मंग सांगितलं त्याईले का मी पण पहिल्यांदा कोचीले समुद्र पाहिला तेव्हा पाळच शोधत होतो. एवढं पाणी कोणीतरी अडवून धरलं असन असंच वाटलं. चेची म्हणाली, मग राहू दे कमळं. नंदी तुमच्या गावचा हाये, त्याले समुद्र असाच दिसणार. मी तिच्या बाजूचा हाये. पण समुद्राचा विषय इथी संपला नाई, पुढं येतो.

आता खरी गोष्ट. तू दर पानाच्या कोपऱ्यात आपलं घर काढलं हाये, मुंगीएवढं. निळी चौकट, अन् चौकटीत ती पोट्टी, हातात तुटकी दोरी. मले माहीत हाये तू ते पोट्ट्याईले शोधायले ठेवलं, सायाळीत बेडूक ठेवला होता तसा. बिसूनं ते सगळ्यात आधी पकडलं अन् दर पानावर बोट ठेवून ओरडे, मिल गई! बाजारात मिल गई, गाडीत मिल गई, समुद्राच्या वर ढगाच्या आड घर, तिथी पण मिल गई. पण समुद्राजवळ येता येता त्याचा आवाज बसला. तो म्हणाला, भाई, ये लड़की हिलती काहे नहीं? पाँव में कील ठोका है क्या? मी म्हटलं, ती वाट पाहून राह्यली. तो म्हणाला, बैलानं दुनिया पाहिली, हिनं तर फ्रॉकही नाई बदलला. अनारुलनं पुन्हा पहिल्या पानापासून पाहिलं. खरंच नाई बदलला, बाई. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, दर पानावर तसाच. तू एवढी बारीक नजरेची, तुले दिसलं नाई, का दिसूनच तू काढलं?

अन् शेवटचं पान. मी ते तिघाईले दाखवलंच नाई, आधी एकट्यानं पाहिलं. तू एवढ्या वेळा खोडलं हाये का कागद पापडासारखा पातळ झाला, पलीकडची अमावस्या दिसते. खाली पेन्सिलनं लिहिलं हाये, 'नंदी घरी येतो. पोट्टी खूश.' मी तुझ्याच रीतीनं केलं. पान झाकलं, श्वास घेतला, उलटवलं. हव आला नाई. पुन्हा केलं. घशापर्यंत आला अन् तिथीच बसला. बाई, मी आजपर्यंत तुझ्याशी हवच्या बाबतीत खोटं नाई बोललो, आता पण नाई बोलत. नंदी येते ते बरोबर हाये. चाक झिजलं असन, रंग उडाला असन, येईनच तो. पण 'पोट्टी खूश' हे तोंडानं सांगावं लागून राह्यलं. चित्रात दिसत नाई. तूच म्हणते ना, जे चित्रात नाई ते शब्दानं चिकटवलं का पोट्ट्याईले लगेच कळते.

माझं इकडचं म्हणशील तर बरं चाललं हाये. प्लायवुडच्या कारखान्यात लाकडाचा पापड काढतात, त्याले गोंद लावतात, दाबतात, पुन्हा लाकूड करतात. मले अजून कळलं नाई का मंग आधी सोललं कशाले. सुरतले साड्यांच्या घड्या घातल्या, हैद्राबादले विटा वाहिल्या, गोव्याले बर्फ फोडला, त्यामानानं इथी सावली हाये. पण तुले माझा पाय माहीत हाये. एका जागी वर्ष झालं का तळव्याले मुंग्या येतात. चेची म्हणते तुझ्या पण एका अंगाचं चाक मोठं हाये. मी तिले पुस्तकातला नंदी दाखवून म्हटलं, हा मीच हाव. ती म्हणाली, ते तर आम्हाले कधीचंच कळलं! बाजारात ज्या तऱ्हेनं मिरच्या खातो त्यावरूनच.

मले राग नाई आला, उलट ऐट वाटली. दर गावाहून फोनवर मी तुले जे काही सांगत राह्यलो, गोव्याचा बर्फ, सुरतचा टीसी, ते सगळं तू त्या पानांत भरलं. मी गावोगाव हिंडलो अन् तू दारात उभी राहून हव म्हणत राह्यली. खळ्यावरचं आपलं काम कधी अदलाबदल झालं, मले पत्ताच नाई.

म्हणून आता शेवटलं सांगतो, अन् हेच सांगायले बसलो होतो. मागच्या आठवड्यात तू वावरात होती तेव्हा मायचा फोन आला होता. ती आपली रागानं बोलत होती, तुझी बाई खुळी झाली, मद्रासच्या पुस्तकवाल्यांनी वर्षभर राहायले बोलावलं, राहणं-खाणं त्याईचं, चित्रं काढायले शिकवणार, अन् ही बया मले म्हणते, माय, तुझ्या मोडक्या पायाकडे कोण पाहीन, वावराकडे कोण पाहीन. पत्र कोठीवर ठेवून त्यावर रंगाचा डबा ठेवला. मायले वाटलं मले माहीतच हाये. मायचा पाय बांधावरून घसरून मोडला तेही तू मले महिनाभर सांगितलं नव्हतं, तर हे कशाले सांगशील! तर आयक. काम सोडतो म्हणून मी कारखान्यात सांगून टाकलं. एर्नाकुलमवरून बल्लारशाचं तिकीट काढलं, पोळ्याच्या आधी घरी पोचतो. मायले उठवणं-बसवणं मले जमते, धानाचा रोवणा झाला हाये, निंदण अन् कापणी मी पाहीन, भात करपला तर माय शिव्या देईन अन् त्यानं तिचा पाय लवकर बरा होईन. सोमाजी भाऊले विचारून ठेव, त्याच्या हाताखाली बैलाची चाकं करायले माणूस पायजे का. सरळ चालतीन असं वचन देत नाई. मुंग्या येतीन तळव्याले, येऊ दे, खाजवीन. वर्षभरानं तू आली का मंग पाहू कोणाचा पाय कुठी जाते ते. मद्रासची गाडी बल्लारशावरून सरळ हाये, अन् तिथी समुद्र हाये, त्यात कमळ हाये का नाई ते तूच पाहून ये. कमळंवाला राहू दे, पण दुसराही काढ. अन् शेवटच्या पानाचं सांगतो, खोडून खोडून कागद फाडू नको, नवा घे. तू मले शिकवलं होतं ना, पुस्तकात ज्याचं तोंड उजवीकडे तो निघाला, ज्याचं डावीकडे तो घरी आला. तर तिरप्या चाकाचा नंदी दारात उभा कर, तोंड डावीकडे. दोरी त्याच्याच गळ्यात राहू दे. चौकट रिकामी ठेव. अन् पोट्टीले रस्त्यावर काढ, मोठी काढ, मुंगीएवढी नाई, दुसऱ्या फ्रॉकमधी, हातात पिशवी, तोंड उजवीकडे. खाली एकही शब्द लिहू नको. काल रात्री चेचीच्या टपरीवर जेवताना मी हे पान तिघाईले हातवारे करून दाखवलं. हॉब, आव, अन् बिसू तर ताट सोडून उठला. माझा पण आला, बाई. हव.

तुझाच, हुंकार देणारा
प्रफुल

मायले हे पत्र वाचून दाखवू नको, भाताचं हाये तेवढं सांग.